पाणी जोखताना

एच-टू-ओ माहीत नाही असा माणूस आमच्या वर्गात शोधूनही सापडायचा नाही. शाळेपासून हे सूत्र आपल्या मागे लागलेलं असतं. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यावर त्यात थोडी भर पडते इतकंच. १०४.५ अंशांचा कोन, हायड्रोजन बंध, विशिष्ट उष्मा. मला मात्र हा धडा पुस्तकापेक्षा आमच्या स्वयंपाकघरातच जास्त शिकायला मिळाला. कारण गेली दोन वर्षं आमच्या घरात पाणी मोजून प्यायलं जातंय.

माझ्या आज्जांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाला एक लिटर. त्यात पाणी आलं, चहा आला, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोटसुद्धा आला. आज्जा जन्मभर एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. त्यांनी लगेच एक जुनी वही काढली आणि मिलिलिटरचा जमाखर्च सुरू केला. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हे खातं काही बरं नाही बघ. नुसतं जमा होतंय, खर्चच नाही."

हे वाक्य मला कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त कळलं. ते का, हे सांगायला आधी रेणूकडे जावं लागेल.

पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो, वाकडा असतो. मधे ऑक्सिजन आणि त्याच्याशी कोन करून दोन हायड्रोजन. ऑक्सिजन जरा हावरा. सामायिक इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची किंचित धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधाच्या मानानं हा फार दुबळा, जेमतेम विसावा हिस्सा. सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या काही भागांपुरताच तो टिकतो. एकाचा हात सुटला की लगेच दुसऱ्याचा धरायचा, असं अखंड चाललेलं असतं.

पण या दुबळ्या बंधाची करामत बघा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत दम धरतं (आमचं बेळगाव उंचावर आहे म्हणून इथं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला). आमच्या परसातल्या नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते कुठल्या पंपानं? पानांतून थोडी वाफ उडते आणि मागचे रेणू एकमेकांना धरून वर ओढले जातात. तुटत-जुळत राहणाऱ्या या बंधामुळेच पाणी एकसंध राहतं आणि वाहतंही.

वाहताना ते रिकाम्या हातानं जात नाही. प्रथिनांच्या पचनातून शेवटी यकृतात युरिया तयार होतो. युरियाच्या रेणूलाही पाण्याशी हायड्रोजन बंध जुळवता येतात, म्हणून तो पाण्यात सहज विरघळतो आणि रक्तातून मूत्रपिंडापर्यंत येतो. निरोगी मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं रक्ताला परत देतात आणि दीडेक लिटरमधून घाण बाहेर टाकतात. आज्जांचा 'खर्च' तो हाच. तो बंद पडला की तेच पाणी अंगात साठतं. पायावर सूज येते, मग फुप्फुसात उतरतं. पहिल्या उन्हाळ्यात एका रात्री आज्जांना आडवंच होता येईना. खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी टेबल धरून त्यांनी रात्र काढली. आज्जी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी सारखी घड्याळाकडे बघत होते. पहाटे दवाखान्यात नेलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे तिथला वजनकाटा काहीच लपवून ठेवत नाही.

त्यानंतर आमच्या घरात पाणी खऱ्या अर्थानं जोखलं जाऊ लागलं. डॉक्टरांनी पाण्याच्याही आधी मिठावर बोट ठेवलं होतं, त्याचं कारण मला वर्गात कळलं. पाण्याचा ऑक्सिजन सोडियमला खेचतो, हायड्रोजन क्लोराइडला, आणि मिठाचा खडा बघता बघता विरघळतो. रक्तात मीठ वाढलं की ते पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतं, आणि मेंदू तहान लागल्याची हाकाटी करतो. मी हे घरी सांगितल्यावर आज्जीनं लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. आज्जांनी बरणीकडे बघितलं आणि म्हणाले, "कॉलेजला घातलं ते हेच्यासाठी काय?"

तहान भागवायला बर्फाची फार मदत होते. ट्रेच्या एका खणात वीस मिलिलिटर पाणी मोजून घालायचं. मोजायचं ते आधी, कारण गोठताना रेणू ऐसपैस रचले जातात आणि पाणी नऊ टक्के फुगतं. याच कारणानं बर्फ तरंगतो आणि गोठलेल्या तळ्याखाली मासे जगतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल उष्णता लागते. ती तोंडातूनच घेतली जाते, म्हणून घोटात संपणारं वीस मिलिलिटर पाणी कितीतरी वेळ पुरतं. उन्हाळ्यात पाठीवर ओला पंचा असतो. खानापूरच्या माठातलं पाणी ज्या रीतीनं गार होतं, त्याच रीतीनं अंग गार होतं. उडून जाणारी वाफ उष्णता घेऊन जाते, आणि वहीत काही लिहावं लागत नाही.

सगळ्यात अवघड जातात ते पाहुणे. आपल्याकडे आल्यागेल्याला आधी तांब्याभर पाणी देतात, म्हणून घरच्या यजमानालाही आग्रह होतो. "एका घोटानं काय होतंय हो? घ्या की!" त्यात माया असते हे आज्जांना कळतं. ते हसून वही दाखवतात.

एकदा डायलिसिस चालू असताना मी तिथल्या सिस्टरना मशीनबद्दल विचारत होते. पातळ पडद्याच्या एका बाजूनं रक्त जातं, दुसऱ्या बाजूनं शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेला द्रव. युरिया पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तिकडे जातो, रक्तपेशी जात नाहीत. द्रवाचा वेग मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर. आज्जा डोळे मिटून पडले होते, पण हिशेब त्यांचाच आधी झाला. "चार तासांत एकशेवीस लिटर. आणि मला एक." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तेच म्हणाले, "तेवढं पाणी माझ्यापायी वाहून जातंय. ते कुठून आणलं असंल ह्यांनी?"

आमच्या शहराला राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून पाणी येतं. तोपर्यंत ते माझ्यासाठी नळाचं पाणी होतं, नाहीतर बादलीतलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्यातलं थोडं आज्जांचं रक्त धुऊन पुढं गेलंय.

'पाणी हेच जीवन' असं आपण टाक्यांवर, टँकरवर वाचतो. ते खरंच आहे. पण पाणी मिळणं हा त्यातला अर्धाच भाग. ते अंगातून वाहून जाणं, जाताना नको ते घेऊन जाणं हा उरलेला अर्धा, आणि तो चालू असेपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही. मूत्रपिंडं बिघडत जातात तेव्हा बराच काळ दुखत-खुपत नाही. म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक सांगते. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारून त्यांची क्रिएटिनिनची आणि लघवीची तपासणी करून घ्या. उद्या-परवावर टाकू नका.