मोड

यंदा धनत्रयोदशीच्या पूजेत मी नेहमीच्या चांदीच्या रुपयाशेजारी एक खडा ठेवणार आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, करड्या रंगाचा, जाड काचेच्या तुकड्यासारखा. आमच्या सोनाराने तो डोळ्याला भिंग लावून पाहिला आणि "बाई, ह्याचं काही येणार नाही," असे म्हणून परत माझ्या हातावर ठेवला. वर्गात दाखवला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "आमच्या ओढ्यात याहून चांगले सापडतात." तेही खरेच असेल. पण हा खडा सापडला त्या दिवशी मी वीस-बावीस वर्षे पोटात ठेवलेली एक गोष्ट बोलून टाकली. म्हणून त्याचा मान.

माझा धाकटा भाऊ सिडनीला असतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला तिकडे नेले. समुद्र पाहून झाला, मोठमोठी दुकाने पाहून झाली. मग एक दिवस तो म्हणाला, "ताई, आता तुला एक गाव दाखवतो. तुझ्या कादंबरीत शोभेल असं." त्या गावाचे नाव लाइटनिंग रिज. सिडनीपासून सातशे किलोमीटरहून दूर, उत्तरेला. सकाळी निघालो ते दिवेलागणीला पोचलो. वाटेत मैलोगणती सपाट रान, मेंढ्या, आणि रस्त्याकडेला उभी असलेली कांगारूंची जोडपी.

गाव कसले! जिकडे पाहावे तिकडे पांढुरक्या मातीचे ढीग. एखाद्या अजस्र उंदराने रात्रभर जमीन उकरावी आणि सकाळी सूर्य पाहून पळून जावे, तसे. ढिगांच्या मध्ये माणूस जेमतेम उतरेल एवढाली भोके. जुन्या मोटारींची दारे रंगवून त्यांचे वाटा दाखवणारे फलक केलेले. आणि या साऱ्या पसाऱ्याखाली जगातले सर्वांत प्रसिद्ध काळे ओपल.

मी मराठी शिकवणारी बाई. दहावीनंतर शास्त्राचे पुस्तक मी उघडलेले नाही. त्यामुळे मला पहिला आनंद झाला तो शब्दाचा. ओपल या शब्दाचे मूळ आपल्या संस्कृत 'उपल' शब्दात असावे, असे कोशकार मानतात. उपल म्हणजे दगड, रत्न. आपल्याकडचा शब्द एवढा प्रवास करून त्या उजाड माळावर भेटला, तेव्हा माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

बाकीचे शास्त्र भावाने समजावून दिले. ज्या थरात हे ओपल सापडते त्याला ग्रिमन क्रीक म्हणतात. तो थर क्रिटेशस काळातला, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जुना म्हणावा, तर तो साडेसहा कोटींच्या आसपासचा; म्हणजे या थरापुढे तो धाकटाच. त्या काळी तिथे माळ नव्हता. नद्या होत्या, खाजणे होती, आणि पलीकडे ऑस्ट्रेलियाच्या पोटात शिरलेला एक उथळ समुद्र होता. काठावर डायनोसोर चरत, पाण्यात मगरी, कासवे आणि शिंपले असत. प्राणी मरे, गाळात पुरला जाई. पुढे त्याचे हाड विरघळून जाई; मात्र भोवतालच्या मातीत त्याच्या आकाराची पोकळी उरे. त्या पोकळीत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत जाई, साचे आणि घट्ट होई. पाडव्याच्या गाठी करताना लाकडी साच्यात पाक ओततात ना, अगदी तसेच. फरक एवढाच, की इथे साचा हाडाचा आणि पाक ओपलचा. काही वेळा तर हाडाच्या आतली जाळीदेखील तशीच उतरते.

रंगांचे गूढही मोठे मजेचे आहे. ओपलमध्ये रंग असा कालवलेला नसतोच. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा आत सिलिकेचे अतिसूक्ष्म गोल गोळे दिसले. डब्यात लाडू रचावेत तसे ते एकसारखे, ओळीने बसले असतील, तर त्यांवरून प्रकाश फुटतो आणि निळा, हिरवा, तांबडा असा खेळ दिसतो. लाडू कसेही ओतलेले असतील, तर रंग नाही. अशा बिनरंगी खड्याला तिथे पॉच म्हणतात. घटक तेच, फक्त रांग चुकलेली. माझ्या वर्गातली निम्मी मुले मला त्या क्षणी आठवली!

या थरातून निघालेला एक जबडा जेमतेम इंचभर लांबीचा आहे. त्यात तीन दाढा, आणि सारा ओपलचा. १९८४ साली गॅलमन नावाच्या दोघा भावांना तो सापडला. आजच्या प्लॅटिपसचा तो प्राचीन भाऊबंद. डायनोसोरांच्या काळातला सस्तन प्राणी ऑस्ट्रेलियात त्याआधी कुणाला मिळालाच नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याला स्टेरोपोडॉन गॅलमनी असे नाव दिले. त्याच १९८४ साली रॉबर्ट फॉस्टर या खाणवाल्याला लहानमोठ्या चार डायनोसोरांची हाडे एकाच जागी मिळाली. २०१५ साली त्याच्या मुलांनी ती गावच्या ऑस्ट्रेलियन ओपल सेंटरला देऊन टाकली, आणि २०१९ साली त्या जातीला फॉस्टोरिया हे नाव मिळाले. माइक पोबेन या ओपलच्या व्यापाऱ्याला तर विकत घेतलेल्या कच्च्या मालाच्या पिशवीतच दात असलेला जबड्याचा तुकडा दिसला. त्यानेही तो देऊन टाकला. २०१८ साली वीवारासॉरस पोबेनी या नावात त्याचे नाव गोवले गेले.

ही झाली वाचलेली हाडे. न वाचलेली किती, कोण मोजणार? खाणीतली माती यंत्रात घालून घुसळून धुतात. त्यात पुष्कळ हाडे मोडतात. आणि खाण नसती तर ती दिसलीच नसती, हेही तितकेच खरे. शिवाय हाडात रंग चांगला असला की मोह होतोच. कापून, घासून अंगठ्यांचे खडे केले तर रोख पैसे हाती येतात.

तिथे एक म्हातारा खाणवाला भेटला. तरुणपणी त्याला ओपलचा एक अख्खा शिंपला सापडला होता. घरात निकड होती. त्याने तो कापला. दोन सुरेख खडे निघाले. भाऊ त्याचे बोलणे मला सांगत होता. "तो म्हणतो, ते पैसे कशात गेले ते आठवत नाही. शिंपल्यावरच्या रेघा मात्र अजून आठवतात."

मी काहीच बोलले नाही.

संध्याकाळी भाऊ मला एका दुकानात घेऊन गेला. "ताई, एक अंगठी घे. आईला काही करता आलं नाही, तुला तरी." मी नको म्हटले. तो रागावला. मग पाहुण्यांना खडे वेचायला मोकळी ठेवलेली मातीची एक रास होती, तिथे जाऊन आम्ही दोघे बसलो, आणि मी त्याला सांगितले.

त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा वडील नव्हते आणि घर माझ्या पगारावर चालले होते. आईने पेटीतून दोन पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, "एक मोड. ही चेमटलेली मात्र राहू दे." लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विहिरीवर रहाटाचा दांडा सुटून तिच्या मनगटावर बसला होता. पाटली चेमटली, हाड वाचले. ती चेमट आईने कधी काढून घेतली नाही. सोनाराने एकीचे वजन केले. पैसे अपुरे पडत होते. मी दुसरीही पुढे सरकवली. तो म्हणाला, "मोडीत आकाराला किंमत नसते, बाई." आणि दोन्ही मुशीत गेल्या. घरी येऊन मी आईला म्हटले, पैसे पुरले. तिने दुसरी पाटली मागितली नाही. पुढे दहा वर्षे जगली, पण एकदाही विचारले नाही. त्या न विचारण्याचेच ओझे मला फार झाले होते.

भाऊ बराच वेळ मातीत बोटे फिरवत राहिला. मला वाटले, आता म्हणेल, जाऊ दे ताई, माझ्यासाठीच केलंस ना. ते तो म्हणाला नाही. त्याने आपली बाही वर सारली, मनगट पुढे केले आणि विचारले,

"कुठे होती गं चेमट?"

मी बोटाने दाखवली. अंगठ्याच्या बाजूला, जरा खाली, तांदळाच्या दाण्याएवढी लांब. मला वाटले होते मी विसरले असेन. काहीच विसरले नव्हते.

सोनाराकडे सोने राहिले आणि आकार गेला. तिथे मातीत हाड गेले आणि आकार राहिला. कोणत्या व्यवहारात नुकसान अधिक, ते मला अजून ठरवता आलेले नाही. मोडलेल्या पाटल्यांतूनच माझा भाऊ शिकला. ते मी उद्याही करीन. फक्त आईला खरे सांगेन.

उठताना त्याला मातीत हा पॉचचा खडा दिसला. त्याने तो रुमालाने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे. याचं कुणी काही करणार नाही."

परवा फोनवर सांगत होता, त्याच्या मुलीने मनगटावर पेनाने एक रेघ काढली आहे. अंगठ्याच्या बाजूला, जरा खाली. आजीची पाटली, म्हणते.