सात पावलांची श्रीमंती

श्रीमंताचं घर उभं करायचं म्हटलं की नवी मुलं आधी झुंबर शोधायला निघतात. मी त्यांना आधी रिकामी जागा मोजायला लावतो. उंबरठ्यापासून मालकाची खुर्ची किती लांब, यावर नाटकातल्या घराची ऐपत ठरते. आलेल्या माणसाला सात पावलं चालून मग बोलावं लागलं, की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. वाळूजच्या कारखान्यांतली पाळी संपवून तालमीला येणाऱ्या आमच्या नटांना हे समजावावं लागत नाही. बरेच जण मराठवाड्यातल्या खेड्यांतले. गावातला वाडा त्यांनी ओसरीपर्यंतच पाहिलेला.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' विजया मेहतांनी 1985 साली रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. मी या दोन गोष्टी नेहमी जोडून पाहतो. तिकडे नाटकात जमिनीच्या जोरावरचं देशपांड्यांचं वैभव ढासळत होतं, अंगणात ट्रॅक्टर गंजत होता. इकडे गाव सोडून माणसं मशीनवर उभी राहत होती. पुढे बाईंनी हेच नाटक 'हवेली बुलंद थी' या नावानं हिंदीत दूरदर्शनसाठी केलं.

नाटक पडद्यावर गेलं की नेपथ्यकाराची खरी परीक्षा. कॅमेरा अंतर खाऊन टाकतो. पंधराव्या रांगेतून दिसणारी ती सात पावलं क्लोजअपमध्ये उरत नाहीत. शिवाय युक्त्या उघड्या पडतात: कापडी फ्लॅटवर रंगवलेली चिऱ्याची सावली डावीकडे, आणि चित्रीकरणाच्या दिव्यानं पडलेली उजवीकडे. दार आपटल्यावर कापडी भिंत थरथरली, तर वाडा चिरेबंदी कसला? म्हणून चित्रीकरण असेल तेव्हा मी भिंती प्लायच्या करतो, मागून जास्तीचे टेकू देतो, सावली रंगवत नाही, चिऱ्यांच्या सांधी खरोखरच खोल ठेवतो. आणि दारातून आतलं दार दिसेल अशी मांडणी करतो. चेहरा कितीही जवळ आला तरी मागे घर लांबत राहायला हवं.

'वाडा चिरेबंदी'तली वहिनी घराण्याचं सोनं अंगावर चढवते, त्या प्रवेशात मात्र कॅमेरा आपल्याला काही परत देतो. सभागृहात सोन्याची चमक पोचते. जवळून त्याचं वजन दिसतं. त्यासाठी मी पितळेचेच दागिने मागतो. हलक्या नकली दागिन्यांत नटीची मान ताठ राहते, आणि त्या प्रवेशात ती जराशी वाकायला हवी.