काळ्याचा वाटा

साहित्याच्या प्राध्यापकांना छापील शब्दाचे जेवढे अप्रूप असते, तेवढे तो ज्या शाईतून उमटतो तिचे नसते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन आमच्याकडे आले आणि आम्हांला ऑफसेट छापखान्याची पायरी चढावी लागली. तेथे काळ्या रंगाविषयी जे उमगले, ते येथे मांडावेसे वाटते.

चौरंगी छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. पहिल्या तिन्ही एकत्र आल्या की काळा मिळावा, असे तत्त्व सांगते. प्रत्यक्षात त्या शायांतील रंगद्रव्ये तितकी शुद्ध नसतात आणि हाती येतो तो गढूळ तपकिरी. म्हणून चौथी शाई. पण ती आली की पर्याय वाढतात. एकच करडी छटा तीन रंगांतून घडते, केवळ काळ्यातून घडते, किंवा दोहोंच्या अनेक मिश्रणांतून. यांपैकी कोणते मिश्रण घ्यायचे, हे रंगप्रोफाइल तयार होतानाच ठरते. चित्र आरजीबीतून सीएमवायकेत जाताना तो निर्णय मुकाट्याने अमलात येतो.

याच्या दोन रीती आहेत. यूसीआर ही रीत गडद, रंगहीन सावल्यांपुरतेच तीन रंग कमी करून तेथे काळा भरते. जीसीआर त्यापुढे जाते. रंगीत भागातही तिन्ही शायांचा जो करडा अंश असेल, तो काढून ती काळ्याकडे सोपवते. हे प्रमाण हलके, मध्यम वा भारी ठेवता येते. शिवाय एकूण शाईलाही मर्यादा असते. चारही शाया पूर्ण भरल्या तर बेरीज 400 टक्के होते. आर्ट पेपरला सामान्यतः 300 ते 330, तर वृत्तपत्री कागदाला 240 टक्क्यांच्या आसपास थांबावे लागते. त्यापलीकडे शाई नीट वाळत नाही आणि वर पडणाऱ्या ताव्याच्या पाठीवर उतरते.

हा केवळ तांत्रिक तपशील नाही, हे एका अंकाच्या स्मृतिविभागाने दाखवून दिले. आमच्या दिवंगत सहकाऱ्याचे कृष्णधवल छायाचित्र चारही शायांत छापले गेले होते. काही प्रतींत चेहरा तांबूस, काहींत हिरवट; कुटुंबीयांच्या हाती पडली ती नेमकी हिरवट प्रत. त्या छायाचित्रातला करडा मुख्यतः तीन रंगांच्या तोलावर उभा होता. यंत्र चालू असता एखाद्या शाईचा प्रवाह जरा वाढला, की तो तोल ढळतो. काळ्याचा वाटा मोठा असता, तर चेहरा स्थिर राहिला असता. निव्वळ काळ्यात छापणेही शक्य होते. पण मग सावल्यांची खोली उणावते.

पुढच्या अंकात त्या विभागासाठी भारी जीसीआरचे प्रोफाइल मागितले. तेच स्नेहसंमेलनाच्या रंगीत छायाचित्रांना लावून पाहिले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या सावळ्या चेहऱ्यांवर राख फासल्यासारखी दिसू लागली. गालाखालच्या छायेत काळी टिंबे उठून दिसत होती. तेथे हलक्या प्रमाणाकडे वळावे लागले. एका चेहऱ्याला ज्याने आधार दिला, त्यानेच दुसऱ्याचे तेज हिरावले.

तयार प्रोफाइलमध्ये हा निर्णय आधीच गोठलेला असतो. तो बदलायचा तर प्रोफाइल नव्याने घडवावे लागते, किंवा डिव्हाइस-लिंकसारखा मार्ग घ्यावा लागतो. म्हणून प्लेटा निघण्यापूर्वी, कोणत्या पानावर काळ्याचा वाटा किती, हे आम्ही मुद्रकाला विचारतो. मुद्रितशोधनाइतकेच हेही संपादकाचे काम आहे.