वाळ्याचे ठोंब

बदलीचा हुकूम हातात पडला म्हणजे कोणत्या घरात प्रथम कशाची आठवण होते, हे पाहण्यासारखे असते. कोणाला मुलांच्या शाळेची काळजी पडते, कोणाला काचेच्या कपाटाची, तर कोणाला शेजाऱ्यांनी वाचायला नेलेल्या पुस्तकांची. आम्ही मात्र पहार शोधू लागतो. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. कारण या प्रकरणातील पाप आणि पुण्य दोन्ही आमच्यात निम्मेनिम्मे आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या सामानाच्या यादीत एक वस्तू बहुधा कायम राहिली : ओल्या गोणपाटात बांधलेले वाळ्याचे एक ठोंब. "साहब, यह घास भी जाएगी?" हा हमालांचा प्रश्न आम्ही प्रत्येक बदलीच्या वेळी ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी थोडेसे ओशाळून "हो" म्हटले आहे.

हे ठोंब मूळचे कोकणातले. आमच्या घरामागे न्हाणीचे पाणी जिथून वाहून जाई, तिथे अळवाच्या शेजारी आईने वाळा लावला होता. उन्हाळ्यात त्याची चार मुळे धुऊन, जुडी बांधून माठात टाकली की पाण्याला पहिल्या पावसाचा वास येई. 1988 च्या जूनअखेर आम्ही पहिल्या नेमणुकीवर जबलपूरला निघालो, तेव्हा तिने एका कडेने पहार घालून निम्मे ठोंब उचलले, माती झटकली आणि कोयत्याने त्याची सगळी हिरवी पाती वीतभर ठेवून छाटून टाकली. पायाशी पडलेला तो हिरवा ढीग पाहून आम्ही हळहळलो. ती म्हणाली, "अरे, खणताना मुळं तुटली. आता एवढ्या पात्यांना पाणी कुठून पुरवायचं त्यांनी? वरचा पसारा कमी केला तरच आतला जीव राहतो. आणि नव्या जागी गेलात म्हणजे दर तीन-चार वर्षांनी फोडून लावा. नाहीतर मधूनच मरतं."

जबलपूरच्या काळ्या जमिनीत आम्ही त्याचे दोन-दोन, तीन-तीन फुटवे वेगळे करून हातभर अंतराने लावले. पावसाची झड सुरू होतीच. तीन आठवड्यांत छाटलेल्या टोकांमधून कोवळी पाती वर आली. तो दिवस आम्ही आईला पत्राने कळविला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे : "वाळा कसा आहे?"

वाळा हे गवत असले तरी मोठे प्रतिष्ठित गवत आहे. संस्कृतात त्याला उशीर म्हणतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या अंगाचा दाह शमविण्यासाठी जो लेप नेला जातो, तो उशीराचाच. याच्या मुळांच्या ताट्यांवर पाणी शिंपडून भर उन्हाळ्यात गारवा आणण्याची युक्ती ऐने-अकबरीत नोंदलेली आहे. परंतु त्याचा जो गुण आम्हांला पुढे उमगला, तो याहून निराळा. दक्षिणेकडे लोक लावतात तो वाळा सहसा बी धरीत नाही, आणि हरळीप्रमाणे जमिनीवरून धावतही नाही. त्याची मुळे सरळ खाली उतरतात, चांगल्या जमिनीत वर्षभरात दोन-तीन मीटरसुद्धा. पण ठोंब आपली जागा सोडीत नाही. म्हणूनच कर्नाटकातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो बांधावर हद्दीची खूण म्हणून लावीत आले. जमिनीची धूप रोखणारे गवत म्हणून 1993 साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने त्याच्यावर एक स्वतंत्र पुस्तकच काढले. तात्पर्य, असा वाळा जिथे जिथे उभा आहे, तिथे तिथे तो कोणीतरी हाताने नेऊन लावलेला आहे. शिवाय तो फुटव्यापासून वाढतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी नव्याने जन्मत नाही. आईच्या न्हाणीमागचा वाळा आणि आमच्या जबलपूरच्या अंगणातला वाळा हे एकच झाड, दोन गावी उभे असलेले.

सगळीच गवते इतकी भिडस्त नसतात, हेही आम्ही जबलपूरलाच शिकलो. पावसाळा सरताना नर्मदेच्या काठी कांसाचे पांढरे तुरे डोलू लागले, की आमची दृष्टी तिथून हलेना. एका रविवारी आम्ही त्याचे एक मूळ उपटून आणले आणि मोठ्या हौसेने वाळ्याशेजारी लावले. माळी ते पाहून हबकलाच. "साहब, यह काँस है. यह मेहमान नहीं, मालिक बनकर रहता है." आम्ही हसलो. दुसऱ्या पावसाळ्यात कांस वांग्यांच्या वाफ्यात उगवला, तिसऱ्यात फाटकापाशी. जमिनीखालून त्याचे धागे कुठवर गेले होते याचा पत्ताच लागेना. मध्य भारतात कांसाने बळकावलेली शेते सोडविण्यासाठी स्वातंत्र्यानंतर सरकारला ट्रॅक्टरांचे ताफे उतरवावे लागले होते, ही गोष्ट आम्हांला तेव्हा कळली. माळ्याने दोन हिवाळे खपून तो काढला आणि त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. हीच त्याने आम्हांला केलेली शिक्षा.

1994 च्या मेमध्ये दिल्लीला बदली झाली. मे महिना गवत हलविण्याचा नव्हे, हे आम्ही जाणत होतो. पण सरकारी हुकूम नक्षत्रे पाहून निघत नाहीत. आमची खरी चूक पुढची. वाळा आता पुरुषभर उंच झाला होता. नव्या घरी तो तसाच डौलात उभा राहावा, या मोहाने आम्ही त्याची पाती छाटली नाहीत. घाई होती म्हणून निम्मे ठोंब मागच्या मोरीपाशी राहिले ते राहिलेच. उरलेले मातीसकट बांधून ट्रकवर चढविले. तीन दिवस त्याने लूचे वारे खाल्ले. दिल्लीत उतरला तेव्हा तो पिवळा होता. आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, गोणपाटाची सावली केली. जुलैत एके दिवशी सहज ओढून पाहिले, तर ठोंब विनातक्रार हातात आले.

आईला आम्ही हे कळविले नाही. तिने विचारले, "वाळा कसा आहे?" आम्ही लिहिले, "छान आहे." पहिल्या वेळी लेखणी अडखळली, पुढे ती सरावली. अडीच वर्षे आम्ही मेलेल्या गवताचे क्षेमकुशल कळवीत राहिलो. 1996 च्या हिवाळ्यात आई दिल्लीला येणार असे पत्र आले, तेव्हा आम्ही एका रोपवाटिकेतून वाळ्याचे भरदार ठोंब विकत आणले आणि नळाशेजारी लावून टाकले.

आई आली. पहिल्याच सकाळी तिने अंगणात फेरी मारली. नळाशी थोडी थांबली, आत आली आणि चहा प्याली. दोन दिवस या विषयावर ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "हा आपला नव्हे." आम्ही गप्प. "याला तुरा आलाय. आपल्याला इतक्या वर्षांत मी तुरा पाहिला नाही." उत्तरेकडचा रानवाळा फुलतो आणि बीही धरतो, हे आम्हांला तेव्हा कोठे ठाऊक होते! सगळी हकीकत सांगावी लागली. ऐकून घेऊन तिने एवढेच विचारले, "पाती छाटली नव्हतीत ना?" आणि मग, "मी विचारत होते ते गवताचं नव्हतं रे." या दुसऱ्या वाक्यावर आम्हांला आजही उत्तर सापडलेले नाही.

रात्री जेवताना तिने अचानक विचारले, "जबलपूरचं सगळंच उपटलं होतंत का?" तेव्हा आम्हांला मोरीपाशी राहिलेले ठोंब आठवले. त्या बंगल्यात आता कोण राहतात, तेही आम्हांला माहीत नव्हते. "निवासी" एवढेच नाव घालून आम्ही पत्र टाकले. उत्तर एका तमिळ बाईंचे आले. त्यांनी इंग्रजीत लिहिले होते की, परक्या गावी आल्याबरोबर घरामागे वेट्टिवेर पाहून त्यांना माहेर भेटल्यासारखे वाटले. कोणी लावला असेल, हा विचार त्या नेहमी करीत. वेट्टिवेर म्हणजे त्यांच्या भाषेत खणून काढलेले मूळ. पुढच्या जुलैत दिल्लीला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती त्यांनी एक पुडके पाठविले. आम्ही गोणपाट सोडले. पाती वीतभर ठेवून छाटलेली होती.

तोच वाळा पुढे 2001 साली रायपूरला आणि 2014 साली लखनौला आला. आई 2003 साली गेली. कोकणातले घर भावकीच्या वाटणीत दुसऱ्याकडे गेले, आणि न्हाणीमागे आता सिमेंटची फरशी आहे. म्हणजे जिथून तो निघाला तिथे तो उरलेला नाही. आणि तरीही तो गेलेला नाही.

2023 च्या जूनअखेर आम्ही सेवानिवृत्त झालो. लखनौस नऊ वर्षे एकाच घरात काढण्याचे भाग्य लाभले होते, आणि या वेळी कोणी हलविणारे नाही म्हणून आम्हीही निवांत झालो होतो. ठोंब फोडायचे राहूनच गेले होते. पाऊस पडल्यावर पहार घातली, तेव्हा मधला सगळा भाग वाळून पोकळ झालेला दिसला. जिवंत होते ते केवळ कडेचे कडे. बदल्यांना आम्ही जन्मभर नावे ठेवली. त्या कड्याकडे पाहताना ती नावे जिभेवर येईनात.

पुण्यातील आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन-तीन मीटर खोल जाणाऱ्या मुळांना तिथे जागा नाही. तरी एका पिंपात भरून दोन फुटवे आम्ही नेले. बाकीचे फुटवे शेजारी, माळी आणि कचेरीतले शिपाई यांना वाटले. मात्र या वेळी घाईने नव्हे, तर ठरवून निम्मे कडे जागेवर ठेवले. नव्या बिऱ्हाडासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीला एक चिठ्ठी लावून आलो : पाती वीतभर ठेवून छाटावीत. दर तीन-चार वर्षांनी फोडावे. नेताना निम्मे जागेवर ठेवावे.

वाचकांपैकी कोणी लखनौला बदलून गेले आणि घरामागच्या नळापाशी असे ठोंब दिसले, तर ते कोणाचे म्हणून विचारीत बसू नये. पावसाळ्यात पहार घालावी.