मॅन बेटावरील विजेची शर्यत

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचे एक बेट आहे. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असले तरी ब्रिटनच्या राज्यात मोडत नाही. टिनवाल्ड नावाची त्याची स्वतंत्र विधिसभा आहे, आणि ती हजार वर्षांहून जुनी असल्याचे तेथील रहिवासी मोठ्या अभिमानाने सांगतात. याच स्वातंत्र्यामुळे हे बेट मोटारसायकलींची पंढरी बनले. ब्रिटनमध्ये रहदारीचे रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यास कायद्याची मनाई होती. टिनवाल्डने 1904 साली तशी परवानगी देणारा कायदा केला, आणि 1907 पासून येथे मोटारसायकली धावू लागल्या.

आम्हांस वास्तविक या विषयाची गोडी नाही. परंतु अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या पुतण्याने विजेवर चालणारी मोटारसायकल स्वतः बांधून शर्यतीत उतरविण्याचा ध्यास घेतला, आणि घरात दोन पक्ष पडले. वहिनींनी अन्न टाकावयाचेच काय ते बाकी ठेवले होते! 2019 च्या जूनमध्ये आम्ही उभयता इंग्लंडात मुलीकडे गेलो असता, "काका, तुम्ही स्वतः पाहून या, मग काय तो निकाल द्या," असे त्याने निक्षून बजावले होते. तेव्हा निकाल देण्याच्या जबाबदारीनेच आम्ही डग्लस बंदरात उतरलो.

उतरताच दाट धुके. मनानन नावाचा समुद्रदेव आपले बेट शत्रूच्या नजरेआड करण्यासाठी ही शाल पांघरतो, अशी तेथील दंतकथा आहे. त्या वर्षी देवाने शाल वारंवार पांघरली, आणि वारा-पावसामुळे शर्यती पुनःपुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. तो वेळ आम्ही विजेच्या आगगाडीत घालविला. डग्लसहून निघणारी ही गाडी 1893 पासून चालू आहे. लॅक्सी गावी ती बदलली की दुसरी गाडी स्नेफेल शिखरावर नेते. तीही विजेचीच, आणि 1895 पासूनची. शिखराची उंची अवघी 621 मीटर. पण आकाश निरभ्र असले तर तेथून सात राज्ये दिसतात असे म्हणतात, आणि त्यांत एक स्वर्गाचे धरतात! ज्या डोंगरावर विजेच्या मोटारसायकलींचे कौतुक चालले होते, त्यावर वीज सव्वाशे वर्षांपूर्वीच चढून बसली होती, हे पाहून आम्हांस मौज वाटली.

शर्यतीची वाट म्हणजे मुद्दाम बांधलेले मैदान नव्हे. गावांतून, दगडी कुंपणांमधून, दिव्यांच्या खांबांजवळून जाणारा नेहमीचाच रस्ता तो. एक फेरी 37.73 मैलांची, म्हणजे सुमारे 60.7 किलोमीटरांची. रॅम्झी गाव समुद्रकाठी आहे. तेथून वाट डोंगर चढू लागते, ती सुमारे 420 मीटर उंचीपर्यंत जाऊन पुन्हा डग्लसकडे उतरते. आपल्या खंडाळ्याच्या घाटातून कोणी भरधाव गाडी हाकावी, आणि तेथे कठडाही नसावा, अशी कल्पना वाचकांनी करावी.

विजेच्या गाड्यांची पहिली शर्यत येथे 2009 साली झाली. ती जिंकणाऱ्या गाडीचे नाव होते 'अग्नी'. तिच्या मोटारी गुजरातेतील याच नावाच्या कंपनीच्या होत्या. ज्या देवतेच्या नावाने ऋग्वेदाचा आरंभ होतो, तिचेच नाव काहीही न जाळणाऱ्या यंत्राने धारण करावे, हा योग मोठा गमतीचा खरा! या मोटारीची मूळ कल्पना सेड्रिक लिंच या स्वयंशिक्षित इंग्रज कारागिराची. ती तव्यासारखी चपटी असते, आणि तिचा आरंभीचा नमुना त्याने रिकाम्या डब्यांचा पत्रा वापरून केला होता. रॉब बार्बर या स्वाराने 'अग्नी'वरून ताशी 87.434 मैल सरासरीने फेरी पुरी केली.

पुढची प्रगती थक्क करणारी आहे. ताशी 100 मैलांची सरासरी प्रथम ओलांडणाऱ्यास बेटाच्या सरकारने 10,000 पौंडांचे बक्षीस लावले होते. मायकेल रटर याने 2012 साली मोटोझिस या अमेरिकन गाडीवरून ते मिळविले. पेट्रोलच्या गाड्यांना हाच टप्पा गाठण्यास 1907 पासून 1957 पर्यंत पन्नास वर्षे लागली. विजेला तीनच पुरली. अर्थात रबरी धावा, गतिरोधक आणि सांगाडे हे सारे पेट्रोलवाल्यांनी आधीच सिद्ध करून ठेविले होते. धाकट्या भावाला थोरल्याची पुस्तके आयती मिळावीत, तसेच हे.

तरीही विजेच्या गाडीस एकच फेरी. पेट्रोलच्या मोठ्या शर्यतीस मात्र सहा. याचे कारण बॅटरी. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. बॅटरी मोठी घ्यावी तर गाडी जड होते. लहान घ्यावी तर डोंगर चढून होण्यापूर्वीच ती रिती व्हावयाची. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की तारांतली उष्णता चौपट वाढते. म्हणून स्वाराला महिनाअखेरच्या गृहिणीप्रमाणे हात राखून खर्च करावा लागतो.

शर्यत आम्ही 'बंगलो' नावाच्या ठिकाणाहून पाहिली. डोंगरावरची आगगाडी तेथेच शर्यतीचा रस्ता ओलांडते. पेट्रोलच्या गाड्या कोसभरावरून कानठळ्या बसवीत येतात. ही गाडी आली ती एखादे कापड फाटल्यासारखा आवाज करीत. पाहतो न पाहतो तोच ती दिसेनाशीही झाली, आणि मागे मेंढ्यांचे ओरडणे पूर्ववत ऐकू येऊ लागले. मायकेल रटर याने जपानी मुगेन गाडीवरून 18 मिनिटे 34 सेकंदांत फेरी पुरी केली. सरासरी ताशी 121.909 मैल.

परंतु त्या आठवड्याची दुसरी आठवण आमच्या मनातून जात नाही. डेली मॅथिसन हा 27 वर्षांचा स्वार त्याच आठवड्यात पेट्रोलच्या गाड्यांच्या शर्यतीत अपघाताने मरण पावला. नॉटिंगहॅम विद्यापीठात बांधलेल्या विजेच्या गाडीवरून 2016, 2017 आणि 2018 अशी लागोपाठ तीन वर्षे तो पहिल्या तिघांत आला होता. या वाटेने आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचा बळी घेतला आहे. गाडी विजेची असो वा पेट्रोलची, दगडी भिंत दोघांनाही सारखीच.

घरी परतल्यावर आम्ही सारे यथातथ्य सांगितले. वहिनींनी एकच प्रश्न केला, "गाडी बांधतो तोच तिच्यावर बसतो का?" आम्ही त्यांना धीर देण्यासाठी म्हणालो, "नाही, बांधणारे विद्यार्थी निराळे आणि स्वार निराळा." त्यावर त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मुलाला बसवायचे!" यावर आम्हांस काहीच उत्तर सुचले नाही. पुतण्याही मान खाली घालून उठून गेला.

2019 नंतर मॅन बेटावर विजेची शर्यत झालेली नाही. प्रथम दोन वर्षांसाठी ती स्थगित केली, आणि पुढे ती पुन्हा भरलीच नाही. पुतण्याने मात्र गाडी पुरी केली. शर्यतीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही. महाविद्यालयाच्या बंद आवारात तो ती चालवून पाहतो, आणि कोणताही नवा भाग बसविला की प्रथम स्वतः, सावकाश, एक फेरी घेतो; मगच मित्रांच्या हाती देतो. गेल्या दिवाळीत वहिनी ती पाहावयास गेल्या होत्या. बॅटरीच्या पेटीचे सारे मळसूत्री खिळे त्यांनी एकेक करून हाताने चाचपून पाहिले, आणि मग गाडीला हळदकुंकू वाहिले.