खांदा

1979 साली एन.सी.सी.च्या कॅम्पात पयल्यांदा थ्री नॉट थ्री रायफल हातात आली. चार किलोची. भ्यालो होतो, म्हणून दस्ता खांद्यापासून सैल धरला. घोडा दाबला न् गाढवानं लाथ घालावी तसा दणका बसला. गोळी जेमतेम अकरा ग्रॅमची. पण ती सेकंदाला सातशे मीटरनं सुटते, न् तिचा रेटा माघारी खांद्यावर येतो.

घरी आलो तो खांदा काळानिळा. बा महार रेजिमेंटमधला. 1941 साली ती उभी राहिली. त्याआधी आपल्या माणसांना पलटणीचं दार बंद केलेलं. हळद लावता लावता बा म्हणाला, "फट ठिवली व्हतीस. फट दिसली की बंदूक मारती. अंगाला लावून धर, मग नुसती ढकलती."

पुढल्या कॅम्पात दस्ता त्याच खांद्यात घट्ट दाबला. दणका बसलाच. पण मी हललो नाही.