टो-इन, टो-आउट आणि आम्ही

मुलगा चौतिसाव्या वर्षी घरी बसला की बापानं त्याच्याशी काय बोलावं, याबद्दल आपल्याकडे कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. मुलगी सासरी निघाली की काय बोलावं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पण कंपनीनं 'पुनर्रचना' केली आणि तीत नेमका आपला मुलगा बाहेर पडला, तर संध्याकाळी चहाला विषय कुठला काढायचा? माझ्या तोंडाशी "काही कळलं का?" एवढा एकच प्रश्न यायचा आणि तोच विचारायचा नाही, अशी हिची सक्त ताकीद होती. हवापाण्यावर तरी किती बोलणार? पुण्याची हवा दोन वाक्यांत संपते.

अशा दिवसांत मिलिंदनं माळ्यावरून एक खोकं काढलं. तामियाची टीटी-०२. पगार चालू असताना हौसेनं घेतलेली आणि पगार चालू असल्यामुळेच कधी न उघडलेली. जपानात शिझुओका म्हणून गाव आहे, तिथली ही कंपनी. १९७६ साली त्यांनी रेडिओवर चालणारी पहिली पोर्शे काढली आणि तेव्हापासून जगभरच्या बापांची जेवणाची टेबलं अडून बसली आहेत. आमचं टेबल तीन दिवस अडलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. ही एक अक्षर बोलली नाही, यावरून परिस्थितीचं गांभीर्य ओळखावं.

गाडी खऱ्या मोटारीच्या एक दशांश. चारही चाकांना जोर. पार्किंगमध्ये पहिल्यांदा सोडली तेव्हा सरळ झकास गेली, आणि वळणावर स्वतःभोवती गिरकी घेऊन जोश्यांच्या स्कूटरकडे तोंड करून उभी राहिली.

"स्टेअरिंग बिघडलंय," मी म्हणालो.

"नाही बाबा. स्टेअरिंग ठीक आहे. मागची पकड सुटतेय."

पंधरा दिवसांत तो माझ्याशी बोललेली ही पहिली तीन सलग वाक्यं. मी लगेच विचारलं, "म्हणजे काय?" आणि अहो, धरणाचं दार उघडावं तसं झालं.

तर मंडळी, चाकांकडे वरून बघायचं. पुढची टोकं आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर फाकलेली असली तर टो-आउट. आमच्या शाळेचे हेडमास्तर भरपूर टो-आउटचे होते. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिला की गाडी वळणात चटकन शिरते. मागच्या चाकांना मात्र दोनतीन अंश टो-इन लागतो, म्हणजे शेपूट ताळ्यावर राहतं. पुढचा उतावळा आणि मागचा सांभाळून घेणारा. आमच्या घरातही तीच रचना आहे. पुढे कोण हे सांगायला नको.

कॅम्बर समोरून बघायचा. चाकाचा माथा आत झुकवायचा, एकदोन अंश. वळणावर गाडी कलते, तेव्हा बाहेरचं झुकलेलं चाक बरोबर उभं राहून पूर्ण रुंदीनं जमीन धरतं. पण या गाडीत तो झुकाव बदलायचा तर दोन टोकांना उलटसुलट आटे असलेल्या सळया वेगळ्या घ्याव्या लागतात. एका बाजूला पिळलं की सळी लांब, उलट पिळलं की आखूड. मिलिंद म्हणाला, "राहू दे, उगाच खर्च." मी गुपचूप मागवल्या. पेन्शन काय नुसती औषधांसाठी असते?

एक ॲकरमन म्हणून प्रकार आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या घोडागाड्या बांधणाऱ्याची. १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलं त्याच्या एजंटानं, ॲकरमननं. आज दोनशे वर्षांनंतरही नाव ॲकरमनचंच. ज्यानं ऑफिसात एकदा तरी साहेबासाठी टिपण लिहून दिलंय, त्याला यात नवीन काही वाटणार नाही.

मला खरं चक्रावलं ते स्प्रिंगांनी. मागची बाजू घसरते, तर मागची स्प्रिंग नरम करायची! घसरतंय ते आवळायचं, हा आमच्या खात्याचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. इथे उलटं. ज्या टोकाला सैल सोडाल, ते टोक जमीन धरतं.

आणि मग ते तेल. खोक्यातले दांडे नुसत्या घर्षणाचे होते, म्हणून तेलाचे मागवले. त्यात सिलिकॉनचं तेल भरायचं आणि आतली हवा काढायची. दट्ट्या हळूहळू वर-खाली करायचा, दांडा उभा ठेवायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. घाई केली तर हवा आत राहते आणि चारही चाकं चार प्रकारे वागतात. असे चार दांडे आम्ही हिच्या मसाल्याच्या डब्याला टेकवून उभे केले आणि बघत बसलो.

तिसऱ्या दांड्याच्या वेळी मिलिंद म्हणाला, "अकरा मिनिटांत झालं, बाबा. स्क्रीनवर. चाळीस जण होतो. मॅडमनी कागद वाचला आणि बंद केलं. मी माईक चालू करून 'थँक यू' म्हणालो."

मी बुडबुड्यांवरची नजर काढली नाही. एक मोठा होता, अडकलेला. तो सुटला तेव्हा म्हटलं, "चौथ्यात अजून आहे बघ." तो म्हणाला, "आहे." ही स्वयंपाकघराच्या दारात होती. काही न बोलता आत गेली आणि रात्री नऊला कांदेपोहे केले.

वहीचं खातं माझ्याकडे होतं. नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा. टो आणि स्प्रिंग दोन्ही एकदम बदललं तर सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं हेच कळत नाही. तारीख, बदल, परिणाम, शेरा, असे रकाने मी आखले. 'मागील स्प्रिंग नरम. गिरकी बंद. जोश्यांची स्कूटर सुरक्षित.' मिलिंद हसला. बऱ्याच दिवसांनी आवाज काढून हसला.

त्याला बंगळुरूला नोकरी लागली ती तेविसाव्या नोंदीनंतर. गाडी इथेच आहे. "तिथे पार्किंगमध्ये जागा नाही," म्हणाला. आता दर रविवारी फोन येतो.

"मागचा टो किती ठेवलात?"

"तीन. ते मागचे प्लास्टिकचे तुकडे बदलून घेतले."

"आणि स्प्रिंग?"

"हात लावलेला नाही. एका वेळी एकच."

मग थोडी शांतता. मग पलीकडून हिची चौकशी, इकडून त्याच्या जेवणाची. परवा ही माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "अरे, ते दोन अंशच बरे होते. तीनवर ती वळणात आळशीपणा करते. मी वहीत लिहिलंय."

मी वही उघडून बघितली. अठ्ठाविसावी नोंद. शेऱ्याच्या रकान्यात अक्षर हिचं.